कॉफीच्या टेबलांसमोर मराठी कविता कशी वाचायची?

प्रश्न असा आला आहे: “ताई, आम्ही कॉलेजचे पाच-सहा जण पुण्यात प्रभात रोडजवळच्या एका कॅफेत महिन्यातून एकदा कवितावाचन सुरू करतोय. मालक तयार आहेत. वातावरण जरा बोहेमियन ठेवायचंय, म्हणजे मेणबत्त्या, काळा पडदा, मागे हलकी गिटार. पण ओपन माइकला माझा अनुभव असा की हिंदी शायरीला वाहवा मिळते आणि माझी मुक्तछंदातली मराठी कविता संपली तरी लोकांना ती संपल्याचं कळत नाही. हात कापतात, आवाज पडतो. मोबाइलवरून वाचू की कागदावरून? सोबत एक कविता आणि तिचं रेकॉर्डिंग पाठवतेय.”

कविता संपल्याचं कळत नाही ही तक्रार मी आकाशवाणीत नैमित्तिक निवेदक होते तेव्हापासून ऐकत आलेय. बहुतेक वेळा त्यात कवितेचा काही दोष नसतो, वाचणाऱ्याने शेवटचं क्रियापद गिळलेलं असतं. मराठी वाक्याचा निकाल अगदी शेवटी लागतो. ‘आहे’ की ‘नाही’, ‘आला’ की ‘आलाच नाही’, हे शेवटच्या शब्दापर्यंत कळत नाही, आणि आपण नेमका तिथे पोचेपर्यंत दम संपवून बसतो. आवाज खाली, मान खाली, नजर पुढच्या ओळीवर. घरी दार लावून वाचताना हे चालून जातं. कॅफेत त्याच क्षणी कुणीतरी बशीत चमचा ठेवतो आणि तुझं ‘नाही’ गेलं.

तू पाठवलेल्या ओळीच घेऊ:

आजीच्या खोलीला अजून
बामचा वास आहे
आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात
जून महिना
कुणी उलटलाच नाही

पहिल्या दोन ओळी तू एका दमात घेतल्यास, त्या चांगल्या गेल्यात. पुढे ‘कालनिर्णयात’वर जोर दिलास, तो काढून टाक. मराठी घरातल्या माणसांना कालनिर्णय म्हटलं की आपोआप ओळखीचं हसू येतं, तुला ते मागून घ्यायची गरज नाही. त्या शब्दानंतर अर्धा क्षण थांब आणि त्यांना हसू दे. मग ‘जून महिना’ अगदी साध्या आवाजात, बँकेत तारीख सांगावी तसं. इथे पुन्हा थांब आणि श्वास घे, कारण पुढची ओळ भरल्या दमाने जायला हवी. रेकॉर्डिंगमध्ये हाच श्वास तू घेतलेला नाहीस, म्हणून ‘उलटलाच’पर्यंत आवाज निम्म्यावर आलाय आणि ‘नाही’ मला दुसऱ्यांदा लावल्यावर ऐकू आलं. ‘च’वर भार टाकायचा मोह होईल. टाकू नकोस, तो शब्दात आहेच. ‘नाही’लाही वेगळा भार नको, त्याची पातळी फक्त ‘कुणी’इतकीच राहू दे. ते झालं की कागदावरून नजर वर काढ, मनात दोन आकडे मोज आणि मगच पान खाली कर. लोक शेवट तुझ्या नजरेवरून ओळखतात. तू लगेच ‘थँक यू’ म्हणून उतरायला लागलीस तर त्यांच्या डोक्यात जून महिना पोचायच्या आधीच टाळ्या वाजतात, नाहीतर वाजतच नाहीत.

आता वाहवाचं. हिंदी-उर्दू भाषेला पुण्यात जास्त चाहते आहेत म्हणून शायरीला दाद मिळते, असं धरून बसू नकोस. शेर हा प्रकारच ऐकवण्यासाठी घडलेला आहे. पहिली ओळ दोनदा म्हणायची रीत असते, त्यामुळे ऐकणाऱ्याला तयारीला वेळ मिळतो. काफिया-रदीफ, म्हणजे यमक आणि त्यामागे दर वेळी तोच येणारा शब्द, एकदा कानात बसले की शेवट कुठे पडणार हे त्याला आधीच कळतं, तो शब्द तो शायराबरोबर स्वतःच उच्चारतो आणि त्या आनंदात दाद देतो. मराठी गझल सुरेश भटांनी रुजवली. तिच्या मुशायऱ्याला कधी जाऊन बस, तिथेही हेच घडतं आणि मराठीला टाळ्या कमी पडत नाहीत. अभंगाचंही तसंच. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण, दुसऱ्या-तिसऱ्याला यमक, आणि तो शेवटचा आखूड चरण आला की कान समजतो, कडवं मिटलं. वारकऱ्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही.

मुक्तछंदाने ही सगळी सोय सोडून दिलेली आहे. ती त्याने मुद्दाम सोडली आहे, म्हणून त्याला लाज वाटायचं कारण नाही. पण मग वाचणाऱ्यावर जबाबदारी येते. ओळ कुठे तुटते, कुठे मोठा विराम आहे, शेवट कुठला, हे सगळं तुला श्वासाने आणि थांबण्याने दाखवावं लागतं. यावर काही जण सोपा उपाय काढतात आणि मुक्तछंदातली ओळ शेरासारखी दोनदा म्हणतात. ते फार वाईट दिसतं. ज्या ओळीला परत यायला जागाच ठेवलेली नाही ती ओढून परत आणली की कविता भाषणासारखी वाटायला लागते.

याहून मोठा रोग म्हणजे ओपन माइकची चाल. तू ऐकली असशील. प्रत्येक ओळीच्या शेवटी सूर किंचित वर, मग कुजबुज, मग अचानक वेग, मग एक ओलसर थांबा, आणि डावा हात छातीशी. व्हिडिओंमधून ती सगळीकडे पसरली आहे. बापावरची कविता, पावसावरची कविता, बसस्टॉपवरची कविता, सगळ्यांना एकच चाल. मराठी तिच्यात आणखीच अवघडते, कारण ती हिंदीच्या चढउतारावर बेतलेली आहे आणि आपलं बोलणं तसं चढत नाही. विदर्भातला मुलगा नागपुरी हेलात बोलतो आणि माइकसमोर आला की त्या चालीत वाचतो, तेव्हा मला हात धरून त्याला थांबवावंसं वाटतं. त्याचा हेल हीच त्याच्याकडची सगळ्यात किमती वस्तू असते. तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये ती चाल थोडीच आहे, दुसऱ्या कडव्यात. ते कडवं एकदा मैत्रिणीला फोनवर गोष्ट सांगावी तसं सांग, ते रेकॉर्ड कर आणि त्या आवाजाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जा.

मराठीत कविता मोठ्याने म्हणण्याची उदाहरणं भरपूर आहेत आणि ती एकमेकांसारखी अजिबात नाहीत. पुण्यातच १९२३ मध्ये रविकिरण मंडळ निघालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश हे त्यातले ठळक कवी. कविता चालीवर म्हणून दाखवण्याची, म्हणजे काव्यगायनाची आवड लोकांना त्यांनी लावली. पुढे विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी गावोगाव कवितावाचनं केली, तेव्हा गाण्याची जागा वाचनाने घेतली. तिघांची रेकॉर्डिंग मिळवून एकामागून एक ऐक. विंदा ओळीवर तुटून पडतात. बापटांचा सेवादलाच्या कलापथकातला पिंड आवाजात लपत नाही. पाडगावकर समोरच्याशी गप्पा मारता मारता कवितेत शिरतात. ना. धों. महानोर स्वतःच्या कविता गळ्यावर म्हणायचे, आणि त्या गळ्याला पळसखेड्याच्या शेताचा वास होता. यातल्या कुणाचीही नक्कल करू नकोस. पण एकच एक ‘कवितेचा आवाज’ असतो, हा समज डोक्यातून जायला एवढं ऐकणं पुरतं.

जागेचं आता रोखठोक सांगते, कारण अर्धी वाचनं जागेवर मरतात. कॅफेत दोन यंत्रं कवितेची वैरी असतात: कॉफी दळायचा ग्राइंडर आणि दूध फेसाळणारी वाफेची नळी. ग्राइंडर जास्त वाईट. मालकांशी आधी बोलून घ्या की वाचन चालू असताना नवी ऑर्डर घ्यायची नाही. तीन किंवा चार कवी झाले की दहा मिनिटांची सुट्टी, तेव्हा हवी तेवढी कॉफी करा. त्यांचा धंदाही त्या सुट्टीतच जास्त होतो, हे त्यांना एका महिन्यात पटेल. वाचणाऱ्याची जागा काउंटरपासून, मुख्य दारापासून आणि बाथरूमच्या दारापासून लांब हवी. शीतपेयांच्या फ्रीजजवळ उभं करू नका, त्याचा घुंई आवाज बोलताना जाणवत नाही पण विरामात तोच ऐकू येतो. आणि मेणबत्त्या ठेवायच्या तर टेबलांवर ठेवा, कवीच्या तोंडावर मात्र एक नीट दिवा हवा. ज्याचं तोंड दिसत नाही त्याचं ऐकूही कमी येतं, हे गंमत म्हणून सांगत नाहीये. माणूस ओठ बघून बरंच काही ऐकतो.

तरीही मध्येच ग्राइंडर सुरू होणारच. एकदा असंच झालं होतं, एक मुलगा गिरणीवरची कविता वाचत होता आणि ऐन मधल्या ओळीत घर्र सुरू झालं. तो आवाजावर आवाज चढवत बसला नाही. थांबला, काउंटरकडे बघून हसला, यंत्र बंद झाल्यावर तीच ओळ सुरुवातीपासून घेतली. सगळी खोली त्याच्या बाजूची झाली. ओरडून वाचला असता तर त्या ओळीचं काहीच उरलं नसतं.

माइक तीस-पस्तीस माणसांच्या खोलीत लागतोच असं नाही, पण असला तर शिकून घे. तोंडापासून चार बोटं अंतर, आणि थोडा तिरका, हनुवटीच्या बाजूने. सरळ समोर धरलास की ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांचा वारा जाळीवर आपटतो आणि स्पीकरमधून धप् असा आवाज येतो. मराठी कवितेत ‘भाकर’, ‘फुफाटा’, ‘भिंत’ असे शब्द काही कमी नसतात. फार जवळ गेलीस की आवाज गडद आणि जाड होतो. रेडिओवर आम्ही ते मुद्दाम वापरायचो, पण कॅफेच्या स्वस्त स्पीकरवर त्याचा नुसता गदगदाट होतो. रॅपर धरतात तशी जाळी मुठीत धरू नकोस, त्याने माइक चहूबाजूंचा आवाज ओढायला लागतो आणि शिट्टी मारतो. स्पीकर तुझ्या मागे ठेवले तरी शिट्टी येईल, ते तुझ्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून हवेत. माइक स्टँडवरच ठेव. एक हात मोकळा राहतो आणि कापणारा हात माइकला लागत नाही.

हात कापणं जात नाही, वर्षानुवर्षं वाचणाऱ्यांचेही कापतात. ते दिसू नये एवढं मात्र करता येतं, आणि म्हणून कागद. मोबाइल नको. पडदा मध्येच विझतो, वरून कुणाचा तरी मेसेज उतरतो, बोट घसरलं की चार ओळी गायब होतात, आणि खालून निळा उजेड पडून चेहरा भुतासारखा दिसतो ते वेगळंच. कागद साधा पातळ घेतलास तर तोही फडफडेल आणि माइक ती फडफड पकडेल. जाड कार्डपेपरवर किंवा पॅडला लावून घे. अक्षर मोठं, सोळा पॉइंटच्या खाली नको. एका पानावर एकच कविता, आणि ओळी कवितेत तुटतात तशाच तोडलेल्या. श्वासाच्या जागी पेन्सिलची उभी रेघ, मोठ्या थांब्याला दोन रेघा. पान छातीच्या उंचीवर धर, तोंडासमोर नको. वाचायच्या आधी दुधाची कॉफी पिऊ नकोस, घसा जड होतो. साधं पाणी पी. उभी राहिलीस की आधी पूर्ण श्वास सोड. सगळे आधी श्वास घ्यायला सांगतात, पण घाबरलेल्या माणसाच्या छातीत हवा आधीच कोंबलेली असते, तिच्यावर आणखी भरली की पहिलीच ओळ चिरकते.

वेळेचा माझा अंदाज: कवितेला मिनिटाला साधारण शंभर शब्द. तुला ते फार संथ वाटेल, समोरच्याला वाटणार नाही. छापलेली कविता वाचणारा डोळा मागे जाऊ शकतो, ऐकणाऱ्याला ती सोय नाही. एका कवीला सहा मिनिटं दिलीत तर दोन छोट्या कविता आणि मध्ये दम घ्यायला जागा, एवढंच बसतं. पाच कविता कोंबायच्या नाहीत. प्रस्तावना एका वाक्याची. ‘ही कविता मी अशा वेळी लिहिली होती की जेव्हा माझ्या आयुष्यात…’ असं सुरू झालं की लोक मोबाइल काढतात. कवितेत एखादा शब्द तुमच्या गावाबाहेर कळणारा नसेल तर तेवढा आधी सांग, आणि सुरू कर.

आता बोहेमियन. मेणबत्त्या आणि काळ्या पडद्याची ती कल्पना कुठून आली ते माहीत असलेलं बरं. १९५०च्या दशकात न्यूयॉर्कचं ग्रीनिच व्हिलेज आणि सॅन फ्रान्सिस्कोचा नॉर्थ बीच या भागांत तरुण कवी, चित्रकार, गाणारे राहायचे, कारण तिथे भाडं परवडायचं. दारूच्या परवान्यावाचून चालणारी कॉफीहाउसं निघाली आणि एका कपावर रात्रभर बसता येऊ लागलं. मॅकडूगल स्ट्रीटवरचं गॅसलाइट कॅफे १९५८ मध्ये एका तळघरात सुरू झालं. तिथल्या टाळ्यांचा आवाज हवेच्या झरोक्यातून वरच्या बिऱ्हाडांत जायचा, ते लोक तक्रार करायचे, म्हणून श्रोत्यांनी टाळ्यांऐवजी चुटक्या वाजवायला सुरुवात केली, असं सांगितलं जातं. आज पुण्यातल्या कॅफेत पोरं कवितेला चुटक्या वाजवतात, वर कुणी राहत नसलं तरी. वाजवू देत. पण सूत्रसंचालकाने ‘चला, स्नॅप्स देऊया’ म्हणून त्या वसूल करू नयेत. आपल्याकडे ‘वा’ आहे, ‘क्या बात’ आहे, मान हलवणं आहे, आणि काही कवितांनंतरची शांतताही दादच असते.

त्या वातावरणाचं पुढे काय झालं तेही ऐक. १९५८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या हर्ब केन या सदरलेखकाने या मंडळींना ‘बीटनिक’ असं चिडवणारं नाव दिलं, आणि थोड्याच दिवसांत त्यांना बघायला पर्यटक येऊ लागले. फ्रेड मॅकडारा नावाच्या छायाचित्रकाराने तर न्यूयॉर्कच्या एका साप्ताहिकात जाहिरातच दिली: पार्टीसाठी बीटनिक भाड्याने मिळतील. ती थट्टेत दिली होती, पण गिऱ्हाइकं खरी मिळाली. दाढी, काळा स्वेटर, हातात बोंगो नावाचे जोड-ढोल. म्हणजे पडदा आणि मेणबत्ती भाड्याने मिळायला लागून साठ वर्षं उलटली आहेत. तुम्हाला हौस असेल तर लावा, पण त्यावर खर्च करण्याआधी एक चांगला दिवा आणि पाच-सहा जास्तीच्या खुर्च्या घ्या.

त्या मंडळींकडून घेण्यासारखं दुसरंच आहे. ज्या वाचनामुळे ही सगळी पिढी प्रसिद्धीला आली ते कॉफीहाउसात झालंच नाही. ७ ऑक्टोबर १९५५ ला सॅन फ्रान्सिस्कोत सिक्स गॅलरी नावाच्या जागेत झालं. ती आधी मोटारी दुरुस्तीची गॅरेज होती. केनेथ रेक्सरॉथ या वयाने मोठ्या कवीने सूत्रसंचालन केलं, पाच तरुणांनी वाचलं. पहिला उठला फिलिप लामँटिया, आणि त्याने स्वतःच्या कविता वाचल्याच नाहीत. वारलेल्या जॉन हॉफमन या मित्राच्या वाचल्या. अ‍ॅलन गिन्सबर्गने त्याच रात्री आपली ‘हाउल’ ही लांबलचक ओळींची कविता पहिल्यांदा लोकांसमोर म्हटली, जिच्यावर पुढे अश्लीलतेचा खटला झाला आणि १९५७ मध्ये प्रकाशक निर्दोष सुटला. (आपल्या मर्ढेकरांनाही याच आरोपाखाली कोर्टात उभं राहावं लागलं होतं, तेही सुटले.) गिन्सबर्गच्या त्या लांब ओळींमागे एक साधा हिशोब होता, एक ओळ म्हणजे एक श्वास. ओळी लिहितानाच त्याने त्या छातीत मोजल्या होत्या. हा हिशोब तुला उद्यापासून वापरता येईल. कविता लिहून झाली की एकेक ओळ एका श्वासात म्हणून बघ. जी मध्येच तुटते ती एकतर मोठी आहे, नाहीतर चुकीच्या जागी मोडलेली आहे. छापून आल्यावर हे कळून उपयोग नाही.

आणि लामँटियाची ती गोष्ट तुमच्या कार्यक्रमाचा नियमच करा. प्रत्येकाने आपल्या कवितेआधी दुसऱ्या कुणाची तरी एक मराठी कविता वाचायची. बहिणाबाई वाचा, अरुण काळे वाचा, कालच मासिकात आलेली एखाद्याची वाचा. दुसऱ्याची कविता वाचताना माणूस लाजत नाही, नाटक करत नाही, आणि आवाज आपोआप जागेवर येतो. मग स्वतःची वाचायला तोच आवाज तयार असतो. शिवाय आलेल्या माणसाला संध्याकाळी पाच-सहा चांगल्या कविता ऐकायला मिळतात, तुमच्या जमल्या नाहीत तरी.

गिटारीबद्दल माझं मत कडक आहे. १९५७ मध्ये रेक्सरॉथ आणि कवी-प्रकाशक लॉरेन्स फर्लिंगेटी यांनी नॉर्थ बीचमधल्या सेलर नावाच्या क्लबात जॅझबरोबर कविता वाचल्या. तिथे वाजवणारे ओळी ऐकून वाजवत होते. तुमच्या गिटारवाल्या मित्राने कविता आधी ऐकलेली नसणार, तो चार कॉर्ड फिरवत बसणार, आणि प्रत्येक कविता त्या चार कॉर्डांच्या वेगाने धावणार. विराम घेतलास तर तो विराम गिटार भरून काढणार. तालीम करणार असाल तर एका कवितेला गिटार लावा, नाहीतर ती सुट्टीत वाजू दे.

अरुण कोलटकरांचं नाव अशा चर्चेत निघतंच. मुंबईत काळ्या घोड्याजवळच्या वेसाइड इन या उपाहारगृहात ते मित्रांबरोबर बसायचे, गुरुवारची बैठक ठरलेली असे. पण ते काही तिथे उभं राहून कविता म्हणत नव्हते. जाहीर वाचनाची, मुलाखतींची त्यांना हौसच नव्हती. ते खिडकीतून समोरचा चौक बघत बसायचे, वर्षानुवर्षं, आणि त्या चौकातली माणसं, कुत्री, कचरा हे सगळं त्यांच्या काळा घोड्याच्या कवितांत आलं. तुमच्यातला एखादा मुलगा दर महिन्याला येईल, कोपऱ्यात बसेल आणि वाचायला नको म्हणेल. त्याच्या मागे लागू नका. त्याला कॉफी द्या.

कॉफीवरून आठवलं, तिची किंमत. दोनशे रुपयांच्या कपाच्या दारातून कोण आत येतं आणि कोण येत नाही, हे पहिल्याच महिन्यात बघा. मराठीत मोठ्याने म्हटलेल्या कवितेची सगळ्यात दणकट परंपरा वस्तीत आणि मैदानात आहे, आंबेडकरी जलशांत आहे, वामनदादा कर्डकांच्या गाण्यांत आहे. नामदेव ढसाळांची कविता मुंबईतल्या ज्या गल्ल्यांमधून आली तिथला मुलगा आज पुण्यातल्या काचेच्या दाराबाहेर घुटमळेल. त्यामुळे वाचणाऱ्याला कॉफी फुकट ठेवा आणि ते पोस्टरवर ठळक छापा. प्रवेशशुल्क नको. एक आड एक महिना एखाद्या वस्तीतल्या वाचनालयात घेता आलं तर आणखी बरं, तिथे ग्राइंडरही नसतो. आणि कुणी ग्रामीण बोलीत किंवा शिव्यांसकट वाचलं तर मालक नाक मुरडतील का, हे आधीच विचारून घ्या. मुरडणार असतील तर दुसरा कॅफे बघा. पुण्यात कॅफेंची वाण नाही.

उरलेलं पटकन. वार मंगळवार किंवा बुधवार घ्या, कॅफे रिकामा असतो आणि मालक खुश राहतात. नावं दारात वहीत लिहून घ्या, बारापेक्षा जास्त नकोत, उरलेल्यांना पुढच्या महिन्यात पहिलं स्थान. साहित्य संमेलनाच्या कविकट्ट्यावर दिवसभर रांगेत कवी वाचतात आणि समोर आपली पाळी यायची वाट बघणारे दुसरे कवीच बसलेले असतात, तसं होऊ देऊ नका. आपलं वाचून झाल्यावर उठून जाणाऱ्याला पुढच्या वेळी शेवटचा नंबर द्या. सूत्रसंचालकाने कवितेवर बोलू नये, कवीचं नाव सांगून बाजूला व्हावं. ‘काळजाला हात घातलास मित्रा’ असं प्रत्येक कवितेनंतर म्हटलं की दहाव्या कवीपर्यंत काळजाचं काही राहत नाही. सहा मिनिटं झाली की घंटा नको, दिसेल अशी चिठ्ठी दाखवा.

रेकॉर्डिंग करणार असाल तर ज्याने वाचलं त्याला विचारूनच इन्स्टावर टाका, आणि कार्यक्रमाच्या धुंदीत नको, दुसऱ्या दिवशी विचारा. घरच्यांवर लिहिलेली कविता तीस माणसांसमोर वाचणं वेगळं आणि ती मामाच्या फोनवर जाणं वेगळं. कुणी नको म्हणालं तर कारण विचारत बसू नका, फाइल त्याच्यासमोर पुसून टाका.